चौथा रकाना

परदेशी मदतीवर चालणाऱ्या विकासाच्या कामात ‘प्रकल्प व्यवस्थापक’ हे पद आता आपल्याकडच्या तरुणांना नवं राहिलेलं नाही. समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य किंवा अभियांत्रिकी शिकलेली मुलं-मुली नेपाळ, बांगलादेश, पूर्व आफ्रिका इथे जाऊन अशी कामं सांभाळतात. नेमणुकीच्या पत्रात त्यांच्या जबाबदाऱ्यांची यादी असते: अंदाजपत्रक, वेळापत्रक, खरेदी, माणसं, अहवाल. पण काम ठरल्याप्रमाणे पूर्ण झालं, हिशेब चोख निघाला आणि तरीही लोकांचं नुकसान झालं, तर त्याचा जाब कोणी द्यायचा, हे त्या यादीत सहसा लिहिलेलं नसतं. बांगलादेशातल्या ट्यूबवेलच्या इतिहासाने हा प्रश्न साऱ्या जगासमोर आणला.

त्याच इतिहासावरून एका मामाचा आणि भाचीचा झालेला हा वाद. मामाची सगळी नोकरी मराठवाड्यातल्या पाणीपुरवठ्याच्या योजनांवर अभियंता म्हणून झाली. भाची सार्वजनिक आरोग्य शिकली असून बांगलादेशातल्या एका पाणी प्रकल्पाची व्यवस्थापक म्हणून लवकरच रुजू होणार आहे. दोघंही कल्पित आहेत. त्यांच्या बोलण्यात येणारे सन, आकडे आणि घटना खऱ्या आहेत.

मामा : तुझं नेमणुकीचं पत्र वाचलं. काय करायचं, किती पैशांत, किती महिन्यांत, सगळं स्वच्छ लिहिलंय. माझं एकच सांगणं आहे, त्या पत्राच्या बाहेर पाय टाकू नकोस.

भाची : मला नेमकं त्या पत्राबाहेरचंच तुला विचारायचं होतं.

मामा : म्हणून तर आधीच सांगतोय. जबाबदारी आखून दिलेली असली तरच ती पार पडते. पैसा आपला नसतो. कुठल्यातरी देशातल्या करदात्याचा असतो, नाहीतर त्या गरीब देशाच्या डोक्यावरचं कर्ज असतं. त्याचा पै न पै हिशेब देणं हे तुझं पहिलं काम. टेंडर नियमाने निघालं पाहिजे, आलेला माल तपासून घेतला पाहिजे, मोजमाप पुस्तकात असेल तेवढंच बिल पास झालं पाहिजे. हाताखालच्या माणसांचे पगार वेळेवर व्हायला हवेत. पावसाळ्याआधी खोदाई संपवायची ठरली असेल तर ती संपलीच पाहिजे. साऱ्या गावाचं दुःख स्वतःच्या अंगावर घेणारे अधिकारी मी पाहिलेत. त्यांचे पाइप यार्डात गंजत पडायचे आणि गाव टँकरवर जगायचं.

भाची : यातलं काहीही मला अमान्य नाही. पण बांगलादेशात पाइप गंजत पडले नव्हते, मामा. तिथे काम झालं होतं. १९७० च्या दशकात युनिसेफ आणि तिथलं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खातं यांनी गावोगाव ट्यूबवेल बसवायला घेतल्या. तोवर लोक तळ्याचं नि ओढ्याचं पाणी पीत होते, त्यातून कॉलरा आणि हगवण पसरत होती. जमिनीखालचं पाणी जंतूंपासून मुक्त आणि हाताशी होतं. पुढे लोकांनी स्वतःच्या पैशाने अंगणात पंप बसवले. लाखोंच्या घरात ट्यूबवेल झाल्या. २००० सालापर्यंत ८० टक्के लोकांना सुरक्षित पाणी द्यायचं उद्दिष्ट १९९७ मध्येच ओलांडल्याचं युनिसेफने सांगितलं होतं. उद्दिष्ट पूर्ण, मुदतीच्या आत. आणि त्याच पाण्यात आर्सेनिक होतं.

मामा : ते काम मी पाहिलंय. अभ्यासदौऱ्यावर गेलो होतो. बांबूचा मांडव उभा करतात, लोखंडी नळी खड्ड्यात रोवतात, खड्ड्यात शेण कालवलेलं पाणी ओततात. एक गडी बांबूच्या तरफेने नळी वर-खाली करतो. दुसरा वर बसून नळीच्या तोंडावर तळहात दाबून धरतो. नळी वर येताना तोंड बंद ठेवायचं, खाली जाताना हात उचलायचा. हात उचलला की गढूळ गाळ उसळून बाहेर पडतो. बघता बघता नळी जमिनीत उतरत जाते. इंजिन नाही, डिझेल नाही. माणसाच्या तळहाताची झडप करून खोदलेल्या त्या विहिरींनी किती मुलांना हगवणीपासून वाचवलं असेल! श्रेय एकट्या पंपाचं नाही, मीठ-साखर-पाण्याचं आहे, लसीकरणाचंही आहे. पण ज्यांनी ते काम उभं केलं त्यांना आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं म्हणतेस?

भाची : त्या खोदणाऱ्यांना नाही. १९७० च्या दशकातल्या अभियंत्यालाही नाही. तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत आर्सेनिक नव्हतंच, आणि त्याला ना चव असते, ना वास, ना रंग. माझा सवाल त्यानंतरच्या वर्षांबद्दल आहे. १९८३ मध्ये कोलकात्यातले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांना पश्चिम बंगालच्या खेड्यांतले रुग्ण सापडले. अंगावर पावसाचे थेंब उडाल्यासारखे काळे-पांढरे डाग, तळहाता-तळपायांवर टणक गाठी. कारण निघालं ट्यूबवेलच्या पाण्यातलं आर्सेनिक. बांगलादेशाच्या पाण्यात ते अधिकृतपणे सापडलं १९९३ मध्ये, तेही चांपाई नवाबगंजला, म्हणजे पश्चिम बंगालच्या सीमेला लागून. गाळ तोच, खोरं तेच आणि मधे दहा वर्षं. या दहा वर्षांत विहिरी खोदल्या जातच होत्या, त्यांची संख्या अहवालांत चढत होती.

मामा : त्या दहा वर्षांबद्दलचं तुझं बोलणं मला पटतं. पण जबाबदारी कोणाची, हे सांगताना तू घसरतेस. तुला ब्रिटनमधला खटला माहीत असेलच. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९९२ मध्ये बांगलादेशातल्या विहिरींच्या पाण्याचे नमुने तपासले. बरीच मूलद्रव्यं तपासली, आर्सेनिक तपासलं नाही. पुढे एका बांगलादेशी गावकऱ्याने त्यांच्यावर लंडनमध्ये दावा लावला. २००६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. त्या संस्थेचा आणि गावकऱ्याचा थेट संबंध नव्हता, पाणीपुरवठ्यावर तिचा ताबा नव्हता, मग तिच्यावर कर्तव्य कसं लादणार? मला तो निर्णय बरोबर वाटतो. जे सोपवलंच नव्हतं त्याबद्दल माणसाला जबाबदार धरायला लागलीस, तर उद्या कोणी पाण्याचा नमुनासुद्धा घेणार नाही.

भाची : त्या निर्णयातलं कारण पुन्हा बघ. पाणीपुरवठ्यावर ताबा नव्हता म्हणून कर्तव्य नाही. प्रकल्प व्यवस्थापकाचा ताबा असतो, मामा. विहीर कुठे घ्यायची, किती खोल न्यायची, पाणी कशासाठी तपासायचं, पंप कोणाच्या अंगणात बसवायचा, हे ठरवणारी ती असते. शास्त्रज्ञाला सोडणारा युक्तिवाद मला सोडत नाही.

मामा : बरोबर. पण ताबा असला म्हणून सगळं ठाऊक असतं असं नाही. न दिसणाऱ्या गोष्टीची जबाबदारी कशी घेणार?

भाची : न दिसणाऱ्या गोष्टींची यादी करून. आमच्या क्षेत्रात लॉगफ्रेम नावाचा तक्ता असतो. १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या मदतसंस्थेसाठी, यूएसएडसाठी तो तयार झाला, आणि आता बहुतेक देणगीदार तो या ना त्या रूपात मागतात. चार रकाने. पहिल्यात काय साधायचं, दुसऱ्यात ते कशाने मोजायचं, तिसऱ्यात पुरावा कुठून आणायचा. आणि चौथ्यात गृहीतकं, म्हणजे आपल्या हातात नसलेल्या पण खऱ्या असायलाच हव्यात अशा गोष्टी. पहिल्या तीन रकान्यांवर बैठकांमागून बैठका होतात. चौथा अर्ज भरताना एकदा लिहिला जातो आणि पुढे त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. बांगलादेशच्या कामाचा तक्ता कोणी मांडला असता, तर ‘जमिनीखालचं पाणी पिण्याजोगं आहे’ हे वाक्य त्या चौथ्या रकान्यात बसलं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की व्यवस्थापकाचं खरं काम तिथे आहे. दर वर्षी त्या रकान्यातलं एकेक वाक्य उचलायचं, ते अजून खरं आहे का ते शोधायचं, आणि खरं राहिलं नसेल तर खोदाई थांबवायची.

मामा : थांबवायची? अर्धवट कामावर? ठेकेदाराचं देणं, देणगीदाराचा हप्ता, वाट बघणारं गाव, यांचं काय?

भाची : थांबवायचा अधिकार नसेल तर तिला व्यवस्थापक म्हणू नये. काम चाललंय म्हणून थांबायचं नाही, हा हिशेब आपल्याकडच्या हापशांनाही लागू पडला नव्हता, आठवतं?

मामा : हापशाचं माझ्यासमोर काढतेस! ऐक मग. १९६० नि ७० च्या दशकांत आपल्या देशात दुष्काळ पडले, युनिसेफने खोदाईची यंत्रं आणली, हजारो बोअर झाले. वर बसवलेले पंप मात्र बिडाचे, एका घराने वापरायचे. त्यावर अख्खं गाव रांग लावायचं. १९७४ च्या सुमाराला पाहणी झाली तेव्हा चारातले तीन पंप बंद निघाले. कागदावर मात्र प्रत्येक पंप ‘बसवला’ म्हणून मोजलेला. तोड आपल्याकडचीच निघाली. जालन्याच्या मिशनमध्ये पोलादी दांड्याचा, एकाच खिळीवर फिरणारा पंप घडवला होता, सोलापूरला त्यात सुधारणा झाली. त्या पायावर युनिसेफ, चेन्नईची यांत्रिकी संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी मिळून इंडिया मार्क २ तयार केला. आज आफ्रिकेतही तो दिसतो. आणि नुसता पंप बदलून भागलं नाही. गावात देखरेख करणारा एक, तालुक्याला मेकॅनिक, जिल्ह्याला गाडी घेऊन फिरणारं पथक, अशी माणसं नेमली. बघ, यात माझंच म्हणणं सिद्ध होतं. जबाबदारी सगळ्यांची म्हटल्याने हापसे सुरू झाले नाहीत. तू वायसर बदल, तू दांडा ओढ, तू सुटे भाग पोचव, असं नावानिशी वाटून दिल्यावर सुरू झाले.

भाची : आणि ‘बसवला’ ऐवजी ‘चालू आहे का’ असं विचारायला लागल्यावर. दोन्ही झालं तेव्हाच पाणी आलं. बांगलादेशात दुसरा प्रश्न विचारायला फार उशीर झाला. १९९८-९९ मध्ये तिथल्या खात्याने आणि त्याच ब्रिटिश संस्थेने ६४ पैकी ६१ जिल्ह्यांत ३,५३४ विहिरी तपासल्या. दीडशे मीटरपेक्षा उथळ विहिरींपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमच्या वर निघालं. ही बांगलादेशाची मर्यादा; जागतिक आरोग्य संघटनेची १० आहे. सुमारे ३.५ कोटी लोक ५० च्या मर्यादेपलीकडचं पाणी पीत होते. २००० मध्ये आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत अ‍ॅलन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी लिहिलं की एखाद्या लोकसंख्येला झालेली ही इतिहासातली सर्वांत मोठी विषबाधा आहे.

मामा : आता मी तुला विचारतो. आर्सेनिक सापडलं १९९३ ला. जागतिक बँकेचं ३.२४ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर झालं १९९८ ला. विहिरी तपासायचं मोठं काम झालं २००० ते २००३ मध्ये. त्या वेळी सर्वांना सगळं ठाऊक होतं, कळवळाही होता, परिषदा होत होत्या. कमी काय पडलं? निर्णय. गाळणी की खोल विहीर, की पावसाचं पाणी, की तळ्याचं पाणी वाळूतून गाळायचं, यावर चर्चा चालत राहिली आणि लोक तेच पाणी पीत राहिले. मी म्हणतो ते टेंडर, ते वेळापत्रक, ते ‘कोण, कधी, किती’, ज्याला तू कोरडं समजतेस, ते तिथे हवं होतं.

भाची : हे तू अगदी बरोबर बोललास. मी त्याला कोरडं समजत नाही. दिरंगाई हीसुद्धा व्यवस्थापकाच्या हातून झालेली इजाच आहे. आर्सेनिकचा परिणाम शरीरात साचत जातो, वर्षागणिक कर्करोगाचा, हृदयविकाराचा धोका वाढतो. तिथे सहा महिने उशीर झाला म्हणजे लाखो माणसांच्या पेल्यात आणखी सहा महिन्यांचं विष गेलं.

मामा : मग आपला वाद उरला कुठे?

भाची : काम संपलं कधी म्हणायचं, तिथे. ती तपासणी कशी व्हायची माहीत आहे? बाटलीत पाणी घ्यायचं, त्यात पुड्यांतली रसायनं टाकायची, झाकणात रसायन लावलेली कागदाची पट्टी अडकवायची आणि वाट बघायची. आर्सेनिक असेल तर वायू होऊन वर येतं, पट्टी पिवळी, मग तपकिरी होत जाते. तो रंग छापील तक्त्याशी डोळ्यांनी ताडायचा. सुरक्षित असेल तर पंपाचं तोंड हिरवं रंगवायचं, नसेल तर लाल. अशा जवळपास ५० लाख विहिरी तपासल्या, सुमारे १४ लाख लाल झाल्या. प्रचंड काम. पण मोहीम संपली आणि रंग उडत गेला. त्यानंतर लोकांनी लाखो नव्या विहिरी घेतल्या. त्या कोणी तपासायच्या?

मामा : सरकारने. प्रकल्प कायमचा नसतो आणि नसावाही. परदेशी संस्था तीस वर्षं पाणी तपासत बसली तर तिथलं खातं कधी उभं राहणार? काम सोपवून निघून येणं हीसुद्धा जबाबदारीच आहे.

भाची : सोपवताना समोर हात पुढे करणारा कोणी आहे का, हे बघायला नको? माणूस, प्रयोगशाळा, दरसालची तरतूद? नाहीतर ते सोपवणं होत नाही, टाकून येणं होतं. आणि सोपवल्यावरही न्याय होईलच असं नाही. साधारणपणे खोल थरातलं पाणी चांगलं असतं, म्हणून सरकारने खोल विहिरी घ्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने दाखवून दिलं की त्यांच्या जागा ठरवण्यात खासदारांचा आणि स्थानिक पुढाऱ्यांचा मोठा हात होता. गरज एकीकडे, विहीर पुढाऱ्याच्या माणसाच्या अंगणात.

मामा : हे आपल्याकडे काय वेगळं आहे? हापसा कोणाच्या दारात बसवायचा यावर मी किती ग्रामसभा गाजलेल्या पाहिल्यात! म्हणून तर जागा निवडायचे निकष लेखी हवेत आणि गावासमोर वाचून दाखवायला हवेत. तेही तुझ्या कामात धर.

भाची : धरलं. आता मला आशा वाटते ती गोष्ट सांगते. ढाक्याजवळच्या अराइहजारमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी बरीच वर्षं काम केलंय. आर्सेनिक सगळीकडे सारखं नसतं. एका अंगणातली विहीर वाईट आणि शेजारच्या अंगणातली चांगली, असं सर्रास आढळतं. तिथे लोकांना त्यांच्या विहिरीचा निकाल नुसता सांगितला, आणि ज्यांचं पाणी वाईट निघालं त्यांच्यातल्या सुमारे ६० टक्के घरांनी वर्षभरात दुसऱ्या विहिरीचं पाणी भरायला सुरुवात केली. नवा पंप नाही, नवी टाकी नाही. फक्त माहिती वेळेवर पोचली.

मामा : आणि उरलेले ४० टक्के?

भाची : तिथेच व्यवस्थापकाने जाऊन बसायला हवं. पाणी भरतात बायका. शेजारची विहीर चांगली आहे, पण त्या घराशी जमिनीवरून भांडण असेल तर? नव्या सुनेला परक्या अंगणात जायची मोकळीक नसेल तर? पंपाचा मालक रोज येणाऱ्यांना कंटाळला तर? ‘लोक सुरक्षित विहिरीकडे वळतील’ हेही चौथ्या रकान्यातलंच वाक्य आहे. ते खरं ठरतंय की नाही हे ढाक्याच्या कार्यालयात बसून कळणार नाही, आणि पुरुषांच्या बैठकीत विचारूनही कळणार नाही.

मामा : ठीक आहे. तू तो चौथा रकाना माझ्या गळी उतरवलास. पण एक गोष्ट मी सोडणार नाही. त्या रकान्यातलं प्रत्येक वाक्य तपासायला पैसे लागतात, माणसं लागतात. ते अंदाजपत्रकात नसतील तर तुझी तळमळ हवेत राहील. तू रात्र रात्र जागशील, आजारी पडशील आणि विहिरी तशाच राहतील. जबाबदारी घ्यायची तर तिची साधनंही मागून घ्यायची. साधनांशिवाय घेतलेली जबाबदारी म्हणजे लोकांची फसवणूक.

भाची : म्हणूनच मी अजून सही केलेली नाही. तीन गोष्टी लिहून मागणार आहे. पहिली, प्रत्येक विहिरीचं पाणी सुरुवातीला तपासायचं, दर वर्षी पुन्हा तपासायचं आणि प्रकल्प संपल्यावर पुढची पाच वर्षं तपासणी कोण करणार, त्याचा खर्च कुठून येणार, हे आजच ठरवायचं. दुसरी, एखादं गृहीतक खोटं निघालं तर काम थांबवायचा अधिकार, देणगीदाराच्या परवानगीची वाट न बघता. तिसरी, गावातल्या कोणालाही तक्रार घेऊन जाता येईल अशी जागा, आणि ती माझ्या हाताखालची नसावी.

मामा : तिसरी बरी आठवली तुला. जागतिक बँकेने असं स्वतंत्र तपासणी मंडळ १९९३ मध्ये नेमलं, आणि ते नेमायला लागलं त्यात नर्मदेच्या खोऱ्यातल्या लोकांच्या लढ्याचा मोठा वाटा होता. आपल्या महाराष्ट्रातल्या मणिबेली गावची माणसं त्यात होती. दिल्लीत नि वॉशिंग्टनमध्ये कोणी मनाने उदार झालं म्हणून ती सोय आली नाही. त्यात माझी एक भर घाल. विहिरीच्या जागेचे निकष बंगालीत, गावात वाचून दाखवलेले, वहीत सह्या-अंगठ्यांसह.

भाची : घातली. चार झाल्या.

मामा : आणि ते नाही म्हणाले तर? पाच वर्षांच्या तपासणीला आमच्याकडे तरतूद नाही, असं सांगतील. बहुतेक सांगतीलच.

भाची : तर तो नकार लेखी मागेन, कारणासकट, आणि प्रकल्पाच्या फायलीत लावेन. तिथल्या खात्याला त्याची प्रत देईन, गावाच्या समितीलाही देईन. पाणी तपासायचं नाही, हाही कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. आजवर तो न बोलता घेतला गेला, म्हणून जाब विचारायला माणूस सापडला नाही. माझ्या प्रकल्पात तो कोणी घेतला, कधी घेतला आणि का घेतला, हे त्या पाण्यावर जगणाऱ्या माणसांना वाचता आलं पाहिजे. सही करायची की नाही, ते त्यांचं उत्तर आल्यावर ठरवेन.